थेंब कुठून पडतो?

आमच्या वाडीत एक जुनी जीप आहे. ती कुणा एकाची नाही. अकरा घरांनी पैसे घालून ती घेतली. सकाळी ती दुधाचे कॅन डेअरीवर पोचवते. बाजारच्या दिवशी भाजी नेते. कुणी आजारी पडले तर त्यालाही तीच नेते. महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे. फोन केला की ती येते. पण ती डांबरी रस्त्यापर्यंत. तिथून वाडी ६ किलोमीटर वर. वाटेत ओढा, दगड आणि मोठा उतार. एवढ्या वाटेला जीपच हवी.

जीप आपल्या देशाला नवी नाही. १९४७ साली मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात अमेरिकेच्या विलीज जीपची जोडणी सुरू झाली. तेव्हापासून डोंगरातल्या गावांना ही गाडी ओळखीची झाली. आमची जीप त्याच घराण्यातली. वय झाले आहे, पण अंगात दम आहे.

एके दिवशी सकाळी दुधाच्या काकू जीपपाशी आल्या. कॅन खाली ठेवताना त्यांना जमिनीवर काळा डाग दिसला. परातीएवढा.

"दादा, गाडीखाली काय सांडलंय हे?"

ड्रायव्हर दादा हसले. "काकू, जुनी गाडी आहे. जुनी गाडी गळायचीच. मी अधूनमधून तेल ओततो की!"

"किती ओतता? आणि आत किती उरलंय ते बघता का?"

दादा गप्प झाले. पाहिले कोणीच नव्हते. आम्हीही नाही.

गोळ्यात काय असते?

जीपच्या मागे वाकून पाहा. दोन चाकांना जोडणारा जाड लोखंडी आस दिसेल. त्याच्या मध्याजवळ भोपळ्यासारखा एक गोळा असतो. या गोळ्यात जी दातेरी चक्रे असतात त्यांना डिफरन्शियल म्हणतात. नाव अवघड आहे, काम समजायला सोपे आहे.

खळ्यातली मळणी आठवा. मध्ये मेढ रोवलेली. तिच्याभोवती बैलांची पात फिरते. मेढीजवळचा बैल थोडे चालतो. कडेचा बैल पुष्कळ चालतो. दोघांनी सारखेच चालायचे म्हटले तर पात मोडेल.

गाडीचेही तसेच आहे. गाडी वळते तेव्हा आतले चाक कमी चालते, बाहेरचे जास्त. जीपच्या दोन चाकांत सुमारे ४ फूट अंतर असते. जीपने एक पूर्ण गोल वळसा घेतला तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे २५ फूट जास्त चालते. एकाच वेळी एका चाकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त फिरू देणे, हे काम गोळ्यातली चक्रे करतात.

त्यांचे दुसरेही एक काम आहे. इंजिनाकडून एक लांब फिरता दांडा मागे येतो. त्याला शाफ्ट म्हणतात. शाफ्टच्या टोकाचे लहान दातेरी चक्र म्हणजे पिनियन. ते मोठ्या चक्राला फिरवते. मोठ्या चक्राला क्राऊन म्हणतात. पिनियनच्या चार-पाच फेऱ्या होतात तेव्हा क्राऊनची एक फेरी होते. त्यामुळे चाकांना चढ चढायचे बळ येते.

माणसांनी भरलेली सगळी गाडी या दातांच्या जोरावर ओढली जाते. हे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. बैलगाडीच्या आसाला वंगण नसले तर आस करकरतो आणि झिजतो. गोळ्याचे वंगण म्हणजे आतले तेल. ते तेल लिटर-दीड लिटरच्या आसपासच असते. त्यातून रोज थेंब थेंब गेले तर किती दिवस पुरेल? थेंबे थेंबे तळे साचते हे खरे. तसेच थेंबे थेंबे तळे रितेही होते.

तेल संपले की दात तापतात. तापले की झिजतात. मग गोळ्यातून घूं घूं आवाज येऊ लागतो. शेवटी एखादा दात तुटतो आणि गाडी जागच्या जागी बसते. मग थेंबाचा खर्च हजारांवर जातो.

आमची पहिली चूक

काकूंच्या बोलण्यावरून आम्ही गोळ्याचे बूच उघडले. हे बूच मागच्या झाकणावर असते. गाडी सपाट जागी उभी असेल तर तेल या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवे. दादांनी भोकात बोट घालून वाकवले. बोट कोरडे बाहेर आले.

सगळ्यांचे चेहरे उतरले. कारण एका घरची सून नऊ महिन्यांची गरोदर होती. दिवस भरत आले होते. जीप कोणत्याही रात्री लागली असती.

दादा म्हणाले, "आता गाडी खोलून ठेवायला नको. बाळंतपण होऊ दे. तोवर तेल ओतत राहू."

काकू म्हणाल्या, "आणि रात्री मधल्या वाटेवर बसली तर?"

दोघांचेही म्हणणे खरे होते. आम्ही घाईत मधला मार्ग काढला. गोळ्याच्या पुढच्या तोंडापाशी तेल दिसत होते. बाजारात दोन गोळे कालवून लावायचा लुकणासारखा मसाला मिळतो. तो आणला आणि तिथे थापला. तेल भरले. मनात म्हटले, झाले काम.

दुसऱ्या दिवशी डाग तेवढाच होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे आमचे झाले. शिवाय तेलकट लोखंडावर मसाला धरत नाही, तोही सुटून पडला.

तेव्हा काकूंनी विचारलेला प्रश्न आम्ही विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "थेंब कुठे पडतो ते सगळ्यांनी पाहिलं. पण तो कुठून येतो ते कोणी पाहिलं का?"

माग कसा काढावा?

घराचे कौल एका जागी फुटते आणि पाणी दुसऱ्याच जागी ठिबकते. वाश्यावरून ओघळत येते. तेलही तसेच करते. ते खाली ओघळते. गाडी चालताना वाऱ्याने मागे उडते. म्हणून जिथे थेंब लोंबतो तिथेच गळती आहे असे समजू नये.

आधी तेल कोणते आहे ते ओळखावे. गोळ्यातले तेल दाट असते. त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेकचे तेल पातळ असते आणि ते रंगावर पडले तर रंग उठतो. इंजिनाचे तेल पुढून वाऱ्याबरोबर मागे येऊ शकते. ब्रेकचे तेल गळत असेल तर गाडी जागेवरून हलवूच नये.

आम्ही चिंधी डिझेलमध्ये भिजवून गोळा स्वच्छ पुसला. आस पुसला. मग कोरड्या चिंधीने पुन्हा पुसला. जीप ८ किलोमीटर चालवली आणि सपाट जागी उभी केली. खाली जुने वर्तमानपत्र अंथरले. बॅटरी घेऊन खालून पाहिले.

तेल गळायच्या पाच जागा असतात.

१. गोळ्याचे मागचे झाकण. झाकण आणि गोळा यांच्यामध्ये कागदाचे पॅकिंग असते. ते जुने झाले की चिरते.

२. शाफ्ट गोळ्यात शिरतो ते पुढचे तोंड. तिथे रबराचे ऑईल सील असते.

३. दोन्ही चाकांच्या आतली बाजू. तिथेही सील असते.

४. तेल भरायचे बूच.

५. श्वासाची टोपी. आसाच्या वरच्या बाजूला ही लहानशी टोपी असते. तिला ब्रीदर म्हणतात.

यांपैकी जी सगळ्यात वरची ओली जागा, तीच खरी गळती. आमचे पुढचे तोंड आता कोरडे होते. दोन्ही चाके आतून कोरडी होती. झाकणाची उजवी कड मात्र ओली होती. तेल तिथून निघून गोळ्याखाली पसरत होते. तेच पुढच्या तोंडापर्यंत गेलेले आम्ही आधी पाहिले होते.

मग दादांनी ब्रीदर पाहिला. ओढ्यातल्या चिखलाने तो पार बुजला होता. इथे दुसरे कारण सापडले. भाताच्या भांड्यावर झाकण गच्च बसवले तर काय होते? वाफेला वाट मिळत नाही. ती कडेने फेस बाहेर ढकलते. गाडी चालली की गोळ्यातले तेल आणि हवा तापते. तापलेली हवा फुगते. ब्रीदर मोकळा असेल तर ती तिथून जाते. तो बुजला तर ती तेलाला पॅकिंगमधून किंवा सीलमधून बाहेर रेटते. नुसते पॅकिंग बदलले असते तर पुन्हा गळाले असते.

दुरुस्ती

बाजारातल्या मिस्त्रींना आम्ही विचारले. ते म्हणाले, "झाकणाचं काम तुम्हाला जमेल. पण घाई करू नका." त्यांनी सांगितले तसे आम्ही केले.

१. गाडी सपाट जागी उभी केली. हँडब्रेक ओढला. चाकांना पुढून-मागून दगड लावले. गाडी थंड होऊ दिली. जीप उंच असते, जॅकची गरज पडली नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक सरकला तर माणूस दबतो.

२. आधी तेल भरायचे बूच सैल करून पाहिले. हे फार महत्त्वाचे. जुने बूच कधी गंजून अडकते. आधी तेल सोडले आणि मग बूच उघडलेच नाही, तर गाडी रिकामी पडून राहते.

३. खाली घमेले ठेवले. झाकणाचे बोल्ट सैल केले. वरचे दोन बोल्ट तसेच अडकवून ठेवले. झाकण खालच्या बाजूने हलकेच सोडवले. तेल घमेल्यात उतरले.

४. तेल निरखून पाहिले. बोटांना बारीक काळा लेप लागला. एवढी झीज जुन्या गाडीत असायचीच. लोखंडाचे तुकडे सापडले असते तर काम थांबवून मिस्त्रींना बोलावले असते. तेल दुधट दिसले असते तर आत पाणी गेले असे समजलो असतो. खोल पाण्यातून गाडी नेल्यावर असे होते.

५. झाकणावरचे आणि गोळ्याच्या कडेचे जुने पॅकिंग खरवडून काढले. कपटे आत पडू दिले नाहीत. कडा डिझेलने पुसल्या आणि पूर्ण कोरड्या केल्या. कडेवर तेलाचा हात राहिला तर नवे पॅकिंग धरत नाही.

६. झाकण सपाट फरशीवर उपडे ठेवून पाहिले. बोल्टच्या भोकांपाशी पत्रा उचलला होता. पूर्वी कोणीतरी फार जोराने आवळले असणार. हातोडीने हलके ठोकून तो सपाट केला.

७. नवे पॅकिंग बसवले. ते तयार मिळाले. तयार मिळाले नाही तर पॅकिंगच्या कागदातून झाकणाच्या मापाने कापता येते. दोन्ही बाजूंना पॅकिंगला लावायचा मसाला अगदी पातळ लावला. जाड लावला तर तो दाबाने आत जातो आणि सुटून तेलात पडतो.

८. सगळे बोल्ट आधी हाताने बसवले. मग पान्याने समोरासमोरचे आवळले. एक वरचा, एक खालचा. एक डावा, एक उजवा. एकदम नाही, तीन फेऱ्यांत. दादा जोर लावायला निघाले तेव्हा काकूंनी त्यांना सहाव्या पायरीची आठवण दिली. फार आवळले की झाकण वाकते आणि जास्त गळते.

९. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुतला. फुंकून पाहिला. हवा आरपार गेली तेव्हाच परत बसवला.

१०. मसाल्याच्या नळीवर लिहिले होते तेवढा वेळ तो वाळू दिला. मगच तेल भरले. भोकाच्या कडेशी तेल आले की थांबलो. जास्त भरणेही वाईट. जास्तीचे तेल बाहेर पडायला वाट शोधते.

डब्यावरचे अक्षर

तेल भरण्यापूर्वी एक गोष्ट घडली. ती सांगितलीच पाहिजे.

दुकानदाराने घाईत डबा दिला होता. डबा सारखाच, रंग सारखाच. काकूंनी तो हातात घेतला. काकू गेल्या वर्षी वर्गात लिहा-वाचायला शिकल्या. बसची पाटी वाचता यावी म्हणून इंग्रजी आकडेही शिकल्या. त्यांनी बोट ठेवून वाचले. "चार, शून्य. चाळीस." मग म्हणाल्या, "दादा, मिस्त्रींनी कोणतं सांगितलं होतं?"

मिस्त्रींनी ९० नंबरचे सांगितले होते, आणि त्यावर 'ईपी' ही अक्षरे हवीत असेही बजावले होते. हातात होते ते इंजिनाचे तेल.

कोणी म्हणेल, तेल ते तेल. पण तसे नाही. इंजिनाच्या तेलाचे आकडे एका मापाचे असतात आणि गिअरच्या तेलाचे दुसऱ्या मापाचे. खरा फरक आत मिसळलेल्या औषधात आहे. 'ईपी' म्हणजे फार मोठा दाब सोसणारे. घासत सरकणाऱ्या दातांना तेच लागते. इंजिनाचे तेल भरून गाडी चालवली असती तर दात झिजले असते, आणि कारण कोणालाच कळले नसते.

डबा बदलून आणला. दुकानदारानेही चूक कबूल केली. आपल्या गाडीला कोणते तेल ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. ते पाहावे, नाहीतर जाणत्या मिस्त्रीला विचारावे.

कोणते काम आपले नव्हे?

झाकण, बूच आणि ब्रीदर ही कामे घरी होतात. दोन कामे मात्र मिस्त्रीकडेच द्यावीत.

पुढच्या तोंडाचे सील बदलायचे तर मोठा नट खोलावा लागतो. त्या नटाच्या घट्टपणावर आतल्या बेअरिंगचा ताण अवलंबून असतो. अंदाजाने आवळला तर बेअरिंग जाते.

चाकाच्या आतले सील गळत असेल तर धोका मोठा आहे. ते तेल ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. तेलकट ब्रेक धरत नाही. उतारावर पाय दाबला तरी गाडी थांबत नाही, किंवा एका बाजूला ओढते. चाकाच्या आत ओले दिसले तर माणसे बसवून ती गाडी चालवू नये. खर्च पाहू नये. आधी जीव.

काळ्या तेलाचे काय केले?

घमेल्यातले तेल एकाने ओढ्याकडे ओतायला नेले. आम्ही त्याला हाक मारून परत आणले. ओढ्याचे पाणी गुरे पितात. जमिनीत ओतले तर विहिरीत उतरते. ते चुलीत जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. जनावरांच्या जखमेला किंवा खरजेलाही लावू नये. आम्ही ते कॅनमध्ये भरून मिस्त्रींकडे दिले. गॅरेजमध्ये असे तेल साठवतात आणि ते शुद्ध करणाऱ्या कारखान्याला देतात. हात साबणाने स्वच्छ धुतले.

तो कागद

संध्याकाळी जीप पुन्हा ८ किलोमीटर चालवली. बोल्ट पाहिले. खाली नवे वर्तमानपत्र अंथरले आणि घरी गेलो.

पहाटे तीनला दार वाजले. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. १०८ ला फोन केला. दादांनी जीप काढली. काकू बॅटरी घेऊन आधी खाली वाकल्या. "कोरडा आहे रे कागद!" त्या म्हणाल्या. मगच सुनेला बसवले.

ओढा ओलांडला. उतार उतरलो. डांबरी रस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती. सकाळी निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

त्या दिवसापासून वाडीत एक रीत पडली. दर रविवारी जीपखाली कागद अंथरतात. सोमवारी सकाळी कोणीतरी तो पाहतो आणि वहीत लिहितो, कोरडा की ओला. ती वही काकूंकडे आहे.

लक्षात ठेवा

• थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा एकच असेल असे नाही. आधी पुसा, मग शोधा.

• तेल ओतत राहणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. पण तेल किती आहे ते नेहमी पाहा.

• पॅकिंग बदलताना ब्रीदर साफ करा.

• डबा रंगावरून घेऊ नका. वाचून घ्या.

• चाकाच्या आत तेल दिसले तर गाडी थांबवा.

प्रश्न

१. खळ्यातल्या बैलांचे आणि गाडीच्या चाकांचे काय सारखे आहे?

२. आमचा पहिला उपाय का फसला?

३. ब्रीदर बुजला तर तेल बाहेर का येते?

४. तेल सोडण्याआधी कोणते बूच उघडून पाहावे? का?

५. तुमच्या घरात तेलाचा, औषधाचा किंवा खताचा एखादा डबा असेल. त्यावरचे नाव आणि आकडे वाचून वहीत लिहा.